शब्दमर्यादा

'मॅम, गरिबी किती टक्के लिहू?'
प्रणिता ओव्हाळनं विचारलं, तिसऱ्या रविवारी,
कॅमेरा बंद, नेहमीसारखाच.
मी मुलुंडला, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप.
ती माहुलला, सातव्या मजल्यावर.
एकाच शहरात, आणि भेटलो नाही कधी.

मी उत्तर दिलं. लगेच. हे आता खुपतं.
म्हटलं, वीस. फार तर पंचवीस.
सुरुवातीला नको, दुसऱ्या परिच्छेदात,
आणि तिथून थेट संशोधनाकडे वळ.

चार वर्षं करतेय हे. फुकट.
दिवसा भांडुपला, कंपनीच्या लॅबमध्ये, रंगाचा दाटपणा मोजते,
रात्री परक्या मुलांची वाक्यं.
'लहानपणापासून मला विज्ञानाची आवड' खोडते,
सगळ्यांनाच असते ती, अर्जात.
साताऱ्याच्या मुलाला आजोबांचं मरण वर घ्यायला लावलं,
अकोल्याच्या मुलीला सांगितलं, इथं थोडं रक्त दिसू दे.
दोघांना प्रवेश मिळाला. मला पेढ्यांचे फोटो.

प्रणिताकडे तर भरपूर होतं.
पाइपलाइनलगतचं घर तुटलेलं, मग हे माहुल,
आणि तिच्या माइकमागे सतत एक खोकला.
दोनदा म्हटलं होतं मी, म्यूट कर गं, आवाज येतोय.
आता म्हटलं, तो खोकला घे.
पहिलं वाक्य तोच.

ती गप्प. पंखा ऐकू येत होता.
मग म्हणाली, 'नको.
आईला इंग्रजी येत नाही, मॅम.
तिचं मी काय केलं ते तिला वाचता येणार नाही.
मग ते कसं लिहू?'

मी म्हटलं, स्पर्धा फार असते.
तेवढंच सुचलं.

दुसऱ्या दिवशी तिनं फोटो पाठवला.
मेडिकलवाल्यानं फुकट दिलेलं कॅलेंडर,
चौकटीचौकटीत बॉलपेनचे बाण:
वास कुठून आला, किती वाजता, वारा कुठला.
असे चौदा महिने.
संकष्टीच्या लाल अक्षरांवरून गेलेले बाण,
गॅस सिलिंडरच्या तारखेला वळसा घातलेले.
मार्चात नऊ दिवस कोरे.
'टायफॉइड झाला होता तेव्हा. अंदाजानं भरले नाहीत.'

नऊ कोरे दिवस.
बावीस वर्षं मी रजिस्टर भरतेय,
एकही चौकट कोरी ठेवलेली नाही.

तेच लिहिलं मग. तिनंच.
मी फक्त 'ए' आणि 'द' जागेवर बसवले,
आणि एका ठिकाणी स्वल्पविराम,
तोही तिनं काढून टाकला.

माझीही एक फाइल आहे कपाटात,
दोन हजार दोनचं प्रवेशपत्र,
रबरबँड वितळून कागदाला चिकटलाय, निघत नाही.
'तुम्ही का नाही गेलात?' तिनं विचारलं एकदा.
शब्दमर्यादा किती, मी म्हटलं.
ती हसली. मी सुटले.

तिथली मध्यरात्र आपल्याकडे सकाळी साडेदहाला होते.
मी लॅबच्या जिन्यात, कानाला फोन.
तिच्या पडद्यावर चक्र फिरतंय, फिरतंय,
दहा सत्तावीस, अठ्ठावीस.
'गेलं, मॅम.'
मागे खोकला. मग एक बाई विचारते, काय गेलं गं?

आणि प्रणिता सांगायला लागते तिला,
मराठीत, पहिल्या ओळीपासून,
फोन ठेवायचं विसरून.
'असं नाही, त्या दिवशी वास पहाटे आला होता,' बाई म्हणते,
'मी उठवलं होतं तुला.'

वरून कोणीतरी माझ्या नावानं ओरडतंय,
नमुना तयार आहे का.
मी उत्तर देत नाही.
स्वतःला म्यूट करते, आणि पायरीवर बसते.